पिंजऱ्यातली शेळी कोणाला बोलावते?

बिबट्या दिसला की पहिली मागणी येते ती पिंजऱ्याची. सभासद गट ऑफिसला येतात आणि म्हणतात, "साहेब, वनखात्याला सांगून आमच्या बांधाला एक पिंजरा लावून द्या. शेळी आम्ही देतो." कारखान्यानेच चार-पाच पिंजरे तयार करून गटवार ठेवावेत, अशीही सूचना काही सभासदांनी केली आहे. या मागणीला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याच्या घराच्या भिंतीला ऊस टेकलेला आहे आणि ज्याची पोरे अंगणात खेळतात, त्याची भीती खरी आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. परंतु पिंजरा म्हणजे नेमके काय, त्यातली शेळी कोणते काम करते, आणि ते काम आपल्याला हवे असलेलेच असते काय, याचा खुलासा एकदा व्हावयास पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

शिकारी जनावराच्या मागे धावून ते हाती लागत नाही. त्याने आपल्या पायांनी आपल्याकडे यावे अशी तजवीज करावी लागते. त्याचे दोन मार्ग जगभर चालत आले आहेत : एक आमिष, दुसरा आवाज. आपल्याकडील फासेपारधी तितराची हुबेहूब बोली काढून, नाहीतर पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून, रानातले तितर फाशात आणीत. अमेरिकेत कोयोट नावाचे, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या चणीचे जनावर आहे. ते मेंढ्या-कोकरे मारते म्हणून तिकडचे लोक त्याची शिकार करतात. शिकारी झुडपाआड बसून मरणाऱ्या सशाच्या किंकाळीसारखी शिट्टी वाजवतो आणि थोड्या अंतरावर केसाळ चिंधी किंवा पीस हलत ठेवतो. म्हणजे येणाऱ्या कोयोटचे लक्ष चिंधीवर राहते, माणसावर जात नाही. कोयोटही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. आवाज ऐकून तो सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घेत येतो. आणि नेम चुकून एकदा निसटला, की तीच शिट्टी त्याला पुन्हा सहजासहजी फसवू शकत नाही. शंभराहून अधिक वर्षे बंदूक, सापळे आणि विष चालूनही कोयोट कमी झाला नाही. उलट पूर्वी जेथे नव्हता तेथेही पसरला, आणि आज हवाई बेटे सोडली तर अमेरिकेच्या सर्व राज्यांत आहे.

आफ्रिकेत हीच युक्ती मारण्याकरिता नव्हे तर मोजणीकरिता वापरतात. रानरेड्याच्या वासराचा संकटातला हंबरडा रात्री कर्ण्यावरून वाजवतात आणि जमा झालेले सिंह व तरस मोजतात.

आता आपल्या शेळीकडे येऊ. शेळी हे कळपातले जनावर आहे. चार शेळ्या एकत्र बांधल्या तर त्या रवंथ करीत निवांत बसतात. त्यांतली एक काढून दूर अंधारात बांधली, की ती ओरडू लागते. तिची ती हाक आपल्या सोबतिणींना असते, पण ऐकणारा दुसराच असतो. मांजराच्या कुळातली जनावरे शिकार शोधताना नाकापेक्षा कान आणि डोळे यांवर अधिक भिस्त ठेवतात, त्यामुळे रात्रीच्या शांततेत एकट्या शेळीचे ओरडणे हे बिबट्याला जेवणाच्या घंटेसारखे आहे. म्हणून जुने शिकारी गाऱ्यासाठी चांगली ओरडणारी शेळी पारखून घेत. ओरडणारी शेळी एकाएकी गप्प झाली आणि कान ताठ करून एकाच दिशेला पाहू लागली, की मचाणावरचा माणूस सावध होई.

या कलेतला सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे कुमाऊंचा जिम कॉर्बेट. गढवालात रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. त्याच्यावर सापळे झाले, विष झाले, कित्येक शिकारी झाले. नदीवरच्या पुलावर कॉर्बेट स्वतः वीस रात्री बसला, तरी बिबट्या आला नाही. शेवटी मे १९२६ मध्ये गुलाबराय येथे यात्रेकरूंच्या वाटेवरील आंब्याच्या झाडावर तो लागोपाठ कित्येक रात्री बसला. खाली एक शेळी बांधली होती आणि तिच्या गळ्यात घंटा होती. काळोखात दिसत तर काही नव्हते, पण घंटा खणकन वाजली तेव्हा त्याने बॅटरी लावून गोळी झाडली. बिबट्या मेला, शेळी वाचली. गोष्ट ऐकायला फार छान आहे. पण हिशेब नीट पाहा. बिबट्या कोणता हे माहीत, त्याची वाट माहीत, पाऊलखुणा ओळखीच्या, सारा मुलूख पायाखालचा, आणि कॉर्बेटसारखा माणूस. एवढे असूनही दोन वर्षांत महिनेच्या महिने घालवावे लागले. एकट्या शेळीने काही केले नव्हते.

आवाजाची त्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. ठाक गावची वाघीण माणसे मारीत होती. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी, त्याने स्वतःला घालून घेतलेल्या मुदतीच्या अखेरच्या संध्याकाळी, ती नराला साद घालीत डोंगरात फिरत होती. कॉर्बेटने वाघाची डरकाळी काढून तिला उत्तर दिले. वाघीण त्या आवाजावर सरळ त्याच्या समोर काही पावलांवर आली. तेव्हा कॉर्बेट त्रेसष्ट वर्षांचा होता आणि आयुष्य जंगलात काढलेला होता.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. हल्ली मोबाईलवर हवा तो आवाज मिळतो. काही तरुण मंडळी बिबट्याचा आवाज उसाच्या कडेला वाजवतात. कोणाला वाटते तो पळेल, कोणाला नुसती गंमत पाहावयाची असते. बिबट्याचा आवाज लाकडावर करवत ओढल्यासारखा असतो आणि "हा मुलूख माझा आहे" किंवा "मी इथे आहे" असा त्याचा अर्थ होतो. तो ऐकून त्या मुलुखाचा नर चौकशीला येऊ शकतो, माजावरची मादीही येऊ शकते. गड्यांनो, बोलावणे तुम्ही धाडलेत, मग पाहुण्याला दोष देऊ नका.

आता पिंजरा. लांबट लोखंडी पेटारा असतो. त्याचे गजांनी दोन भाग केलेले असतात. मागच्या बंद भागात शेळी, पुढच्या भागात मोकळी वाट आणि खाली एक फळी. बिबट्या शेळीकडे जाताना फळीवर पाय पडला की वर अडकवलेले दार खाली कोसळते. शेळीला धक्का लागत नाही. वरून पाला-पाचट टाकून पिंजरा झाकतात. व्यवस्था साधी आणि चोख आहे. तिच्यात एकच उणीव आहे, आणि ती मोठी आहे : पिंजऱ्याला माणूस मारणारा बिबट्या आणि आपल्या वाटेने जाणारा बिबट्या यांतला फरक कळत नाही. शेळीची हाक त्या शिवारातल्या सगळ्या बिबट्यांना जाते. त्यांत जो भुकेला, जो अननुभवी, पुष्कळदा जो वयाने लहान, तो आत जातो. जुना, मुरलेला, एकदा पिंजऱ्याचे दार पडलेले पाहिलेला बिबट्या शिट्टी ओळखणाऱ्या कोयोटसारखा बाहेरूनच परततो. शिवाय आत सापडलेले जनावर गज चावून सुळे मोडून घेते. सुळे मोडलेला बिबट्या पुढे सोडला तर तो काय धरून खाणार, याचा विचार करावा.

आमिष जनावराला शिकवते ही गोष्ट सुंदरबनात वेगळ्या रीतीने वापरून पाहिली गेली. १९८० च्या दशकात तेथे मातीची माणसे करून, त्यांना माणसांचे वापरलेले कपडे घालून, विजेची तार जोडून जंगलात ठेवली. वाघाने झडप घालावी आणि झटका खाऊन माणसाचा नाद सोडावा, हा त्यामागचा विचार. तेथे निदान धडा कोणता द्यावयाचा हे आधी ठरलेले होते. आपल्या पिंजऱ्यातून सुटलेला बिबट्या एवढेच शिकतो, की पिंजरा वाईट.

सापडलेल्या बिबट्याचे पुढे काय करावयाचे? याचा अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे आणि तो प्रत्येक ऊस उत्पादकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वन विभागात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलात सोडण्यास सुरुवात झाली. अंतर सरासरी सुमारे ४० किलोमीटर. हेतू चांगला होता. पण डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले तेव्हा दिसले, की १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते २००१ ते २००३ मध्ये वर्षाला १७ वर गेले. नुसते हल्लेच वाढले असे नाही. पूर्वी शंभरात १८ हल्ल्यांत माणूस दगावत होता, ते प्रमाण ३६ झाले.

असे का व्हावे? ठरलेल्या मुलुखात राहणारा प्रौढ बिबट्या तिथली माणसे, कुत्री, वाटा, वस्त्या यांना सरावलेला असतो. कोणत्या वेळी कोठून जावे हे त्याला ठाऊक असते. त्याला उचलून परक्या रानात टाकले की तो बावचळतो, आपल्या घराकडे निघतो आणि अनोळखी वस्त्यांतून जातो. इकडे रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही, दुसरे बिबटे तिच्यावर येतात. एकाच्या जागी दोन आले तरी आश्चर्य नाही. घराची ओढ किती असते याचे उदाहरण 'आजोबा' नावाच्या बिबट्याचे आहे. २००९ साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला हा म्हातारा बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. वाटेत रस्ते, रेल्वे, वस्त्या सर्व लागले, पण माणसाला त्याने नख लावले नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला, काही सभासदांनी तो पाहिला असेल.

आपल्या उसात बिबट्या आला कोठून, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुष्कळ ठिकाणी तो आला नसून उसातच जन्मला आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. सावली, पाटाचे पाणी, माणसाची वर्दळ नाही. मादीला पिले घालायला यापरती जागा ती कोणती? अकोले तालुक्यात, जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि ऊसच मुख्य आडोसा आहे, तेथे आपोआप फोटो घेणारे कॅमेरे लावून मोजणी झाली. १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तीन गावांतले लोक ज्याला "आमच्याकडचा बिबट्या" म्हणतात तो एकच असू शकतो.

त्याच भागात बिबट्याची विष्ठा तपासून तो खातो काय हेही पाहिले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने आमचे तरी डोळे उघडले. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, शंभरात ३९. त्याखाली मांजरे, १५. शेळ्या फक्त ११. आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! सातपट असूनही शेळ्या का वाचल्या? कारण शेळीला आपण रात्री आत घेतो, दार लावतो. कुत्रे मात्र उकिरड्याजवळ उघड्यावर पडलेले असते.

याचा अर्थ असा, की पिंजऱ्यातली एक शेळी आपण वनखात्याकडून मागतो आणि बिनपिंजऱ्याची शंभर आमिषे रोज रात्री स्वतः मांडून ठेवतो. गावाबाहेर टाकलेली मेलेली कोंबडी, ओढ्याकाठी फेकलेले जनावर, हॉटेलमागचा उकिरडा, त्यावर जगणारी मोकाट कुत्री, उघड्या दावणीला बांधलेले वासरू. बिबट्याला वस्तीत आणणारी हाक हीच आहे, आणि ती वर्षाचे बाराही महिने चालू असते. एक पिंजरा बसवायचा आणि ही शंभर आमिषे तशीच ठेवायची, याला आम्ही शहाणपण म्हणू शकत नाही. धनगर लोक आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी पट्टा घालतात आणि मेंढरे रात्री वाघरात कोंडतात. त्यांना हे कोणी पुस्तकातून शिकवले नाही. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारणे हा खर्च आहे खरा, पण एका दुभत्या गाईच्या किमतीपुढे तो मोठा नव्हे.

पिंजरा कधीच लावू नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. माणसावर हल्ला झाला, त्यातून एकाच ठिकाणी पुन्हा झाला, तर तो बिबट्या पकडलाच पाहिजे आणि पुन्हा सोडता कामा नये. अशा वेळी "बिबट्यालाही जगू द्या" असा उपदेश ज्याचे लेकरू गेले त्याला करणे माणुसकीला धरून नाही. त्या वेळी पिंजरा लागतो, सोबत पाऊलखुणा आणि कॅमेऱ्याचे फोटो पाहून तोच बिबट्या सापडला काय याची खात्री लागते. पण नुसता दिसला, रस्ता ओलांडून गेला, कुत्रे नेले, एवढ्यावर पिंजरा मागणे म्हणजे ओळखीचा बिबट्या घालवून अनोळखी बोलावणे होय.

स्वतः पिंजरा करण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणे तर आलेच, पण पकडणे, फास लावणे, सापळा लावणे, हाकणे, आमिष लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच धरली जाते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षे, सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. पकडण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकांकडून निघावा लागतो. म्हणून कारखान्याने पिंजरे करण्याची सूचना मान्य होण्यासारखी नाही. रानडुकरासाठी कुंपणाला लावलेला क्लच वायरचा फासही याच कलमात बसतो. त्यात डुकराऐवजी बिबट्या अडकला तर तो अर्धवट गळफास लागलेला, पिसाळलेला बिबट्या सकाळी पाणी पाजायला जाणाऱ्या गड्याच्या वाट्याला येतो. कुंपणात वीज सोडण्याने तर आपलीच माणसे गेली आहेत.

रात्रीच्या पाण्याबद्दल थोडेसे. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे आणि रास्तच आहे. ती मिळेपर्यंत रात्री दारे धरायला एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे, बॅटरी व काठी न्यावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जावे. सरीत खाली वाकलेला किंवा बसलेला माणूस काळोखात चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, तेव्हा अधूनमधून उभे राहावे. लहान मुलांना संध्याकाळनंतर उसाच्या कडेला एकटे पाठवू नये. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, ओरडत सावकाश मागे यावे.

आता तोडणी चालू आहे, तेव्हा शेवटचा विषय पिलांचा. फड तुटत असताना पाचटात मांजराएवढी पिले सापडतात. मुकादम हाक मारतो, गाव जमते, पोरे पिले उचलून फोटो काढतात. तेथेच खरा धोका आहे, कारण आई जवळच्या उभ्या उसात असते आणि पिलांचा आवाज ऐकत असते. येथे आवाज आणि आमिष दोन्ही आहेत, पण त्यांचा उपयोग उलटा करावयाचा. तोड थांबवावी, माणसे बाजूला करावीत, पिलांना हात लावू नये आणि वनखात्यास कळवावे. त्यांचा डॉक्टर पिले तपासतो आणि संध्याकाळी ती सापडली त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात. कॅमेरा लावून सर्वजण दूर जातात. पिले ओरडतात, आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नर भागात असे पुष्कळ वेळा झाले आहे. पिले दूर नेली तर ती आई रात्रभर वस्तीभोवती फिरते, आणि कोपीत झोपलेल्या तोडणी कामगारांच्या लेकरांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो, कारण त्यांच्या घराला दारच नसते.

यासाठी सभासदांनी आपल्या टोळीच्या मुकादमाला आधीच समजावून ठेवावे. फड चारी बाजूंनी घेरून तोडू नये. एका बाजूने तोडत जावे आणि दुसरी बाजू शेजारच्या उभ्या उसाकडे किंवा ओढ्याकडे मोकळी ठेवावी, म्हणजे आत असलेले जनावर गुमान निघून जाते. पिले सापडल्यामुळे एका दिवसाची तोड थांबली तर स्लिपबॉयला तसे सांगावे आणि गट ऑफिसला कळवावे. जनावर मारले गेल्यास मेलेले जनावर न हलवता ४८ तासांच्या आत वनखात्याकडे खबर द्यावी, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. वनखात्याचा विनाशुल्क फोन क्रमांक १९२६ असा आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा.